दोन नंबरचा रिमोट

आमच्या व्हिडिओ गेमला दोन रिमोट होते.
एक नंबरचा लीलूचा.
दोन नंबरच्याचं उडी मारायचं बटण
पहिल्याच सुट्टीत आत बसलं,
वर आलंच नाही.
मग मी नुसती चालायची, सरळ,
खड्डा येईपर्यंत.

कॅसेट पिवळी. वर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
आत मोजून सहा,
बाकी तेच, नावं बदलून.
(पुढे स्थळांचे बायोडेटा येऊ लागले
तेव्हा मला ती कॅसेट फार आठवली.)
चालेना झाली की काढायची, ओठांशी धरायची, फुंकायची.
आई म्हणे, "काय फुंकू राह्यली व, चूल आहे का ती?"
चूल नव्हती.
पण पेटायची.

पंधरा बंगल्यात डॅरिल काका, मालगाडीचे गार्ड.
नाइट करून आले की आंघोळीआधी टेप लावत.
गिटार अशी, की कुणी पत्रा कापतंय.
एक कॅसेट त्यांनी मला भरून दिली,
गाण्यांची नावं नाहीत, कव्हरवर एवढंच :
हळू लावू नये.

ती मी खिडकीत विसरले.
भुसावळचा मे. टेप ताणली.
त्यानंतर तो माणूस जडावून गायचा,
भर दुपारी झोपेतून उठवल्यासारखा,
आणि ड्रम उशिरा,
मालगाडी सुटताना झटका जातो ना मागे मागे
शेवटच्या वाघिणीपर्यंत, तसे.
मी तेच गाणं पाठ केलं.
जळगावला पॉलिटेक्निकच्या गॅदरिंगमध्ये
पहिल्यांदा खऱ्या वेगात ऐकलं
तर वाटलं, याला कसली एवढी घाई?
याला घाम तरी आलाय का कधी?

कविता त्याच उन्हाळ्यातल्या.
आप्पा फ्रूटसेलच्या काट्यावर होते,
केळीच्या वजनाच्या रद्द पावत्या घरी यायच्या.
मी पाठकोऱ्या बाजूला लिहायची.
कधी कार्बन उलटा लागलेला असे :
माझ्या "एकटी" या शब्दाखाली
बारा क्विंटल सत्तर किलो.
वजन बरोबर वाटायचं.

लीलू सातव्या पातळीला पोचला की लाइट जायची.
दर वेळी.
गच्चीवरून दीपनगरची धुराडी दिसत,
वीज तिथे होई, आणि जाई कुठे कुणास ठाऊक.
खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती.
पुन्हा तीन जीव, पुन्हा पहिल्यापासून.
तो रिमोट आपटायचा.
मला बरं वाटायचं. हे कुणाला सांगितलेलं नाही.
अंधारात कुणाचाच एक नंबर नसे.

आता मी त्याच धुराड्यांखाली नाइटला असते.
कंट्रोल रूममध्ये हिरव्या रेषा, ठिपके, बॉयलरचा दाब.
पहाटे चारला कोळशाची गाडी लागते,
मी वाघिणी मोजते, कानांनी.

लीलू कॅनडात. मागच्या महिन्यात फोन :
"निमे, ते सगळे जुने खेळ मिळतात आता, फुकट.
सातवी संपवली मी."
काय आहे तिथे?
"काही नाही गं. सहावीच, रंग बदलून."
मग जरा थांबून,
"तुझं ते बटण ना, मीच बसवलं होतं.
तू जिंकत होतीस."

मी म्हटलं, तिकडे लाइट जाते का रे?
"नाही."
बरं.

सुट्टीला माळ्यावरून रिमोट काढला.
चार स्क्रू. आत रबराची टिकली, दुमडलेली,
बावीस वर्षं त्याच बाजूवर झोपलेली.
नखानं सरळ केली. फुंकलं.
लावून बघायला तसला टीव्ही नाही आता घरात.
स्क्रू पिळले, ठेवायला म्हणून उठले,
पण अंगठा दाबत राहिला,
टक्,
टक्,
किंचित उशिरा.